खिडकीतून विकलेला उंदीर

झाम्फिरा किरिलाला उंदीर आवडतात असं कोणी म्हटलं, की ती नाक मुरडायची. "आवडायला काय ती मांजरं आहेत?" पण ज्या बाईनं वर्षानुवर्षं रोज सकाळी नवऱ्याच्या आधी उंदरांची विचारपूस केली, तिच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा? नवरा बिचारा कुरकुर करत करत एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेला. उंदरांची विचारपूस चालूच राहिली.

डॅन्यूब नदीकाठच्या ब्राइला शहरात ट्राम जिथं शेवटचा वळसा घेते, तिथं पॉप्लरच्या रांगेमागं एक जुनी पिवळी इमारत आहे. डासांमुळं होणाऱ्या तापांचा अभ्यास तिथं चालतो, आणि तो माणसांवर करता येत नाही म्हणून उंदरांवर करतात. तळमजल्यावरचं उंदीरघर झाम्फिराच्या ताब्यात होतं. फळं डबाबंद करायचा कारखाना बुडाला तेव्हा ती पोटासाठी इथं आली, आणि पहिल्याच आठवड्यात एका मादीनं स्वतःची पिल्लं खाल्लेली पाहून घरी जाऊन ओकली. मग तिला कळलं, की पिल्लांना परका वास लागला की आई त्यांना खाते. तेव्हापासून तिनं वासाचा साबण सोडला, अत्तर सोडलं आणि लसूणही सोडला. ब्राइलाच्या माणसानं लसूण सोडणं म्हणजे काय, ते ब्राइलाच्याच माणसाला कळेल. ट्राममध्ये बायका तिला बघून कुजबुजायच्या, "उंदरीणबाई आल्या." तीही काही कमी नव्हती. हातातली पिशवी जराशी हलवून म्हणायची, "सरका गं, एक सुटलाय." मग तिला हवं ते बाक मिळायचं.

मारायचं कामही तिचंच. तापानं लुळा पडलेला उंदीर खाणंपिणं सोडून पडला, की त्याला तडफडत ठेवायचं नाही, गॅसच्या डब्यात शांतपणे झोपवायचं, असा नियम होता. ती तो पाळायची, आणि रविवारी चर्चमध्ये मेलेल्यांसाठी मेणबत्त्या लावतात त्या बाजूला एक जास्तीची लावायची. पाद्रीबाबांनी एकदा विचारलं, "ही कोणासाठी?" "घरच्यांसाठी," ती म्हणाली. अगदीच खोटं होतं असंही नाही.

अशी ही बाई, तोंडाळ आणि कामाला चोख. आता तिच्यावर जे आलं ते सांगायचं, तर माझ्याच्यानं ते थंडपणे सांगवत नाही.

त्या वर्षी जूनमध्ये डॅन्यूब फुगली आणि जाताना काठाकाठानं डबकी ठेवून गेली. जुलैत डास इतके झाले, की अंगणात बसून सूर्यफुलाच्या बिया सोलायच्या म्हटलं तर एक हात डास मारायलाच लागायचा. नगरपालिकेचं फवारणीचं विमान दोनदा येऊन गेलं. डासांना त्याचं काहीच वाटलं नाही. झाम्फिराचा एकुलता एक मुलगा आंगेल गोदीत वेल्डिंग करायचा, आणि संध्याकाळी अंगातला शर्ट काढून गळ टाकून नदीवर बसायचा.

"लांब बाह्या घालून जात जा रे," ती म्हणायची. "मी रोज बघते ना काय होतं ते."

"बाह्या तुझ्या उंदरांना शिव, आई. मला मासे लागू देत."

मासे लागले. त्याची बायको मिओआरा हिनं आंबट रस्सा केला, सगळ्यांनी पोटभर खाल्ला. पाचसहा दिवसांनी आंगेलला ताप चढला, डोकं फुटायला लागलं, मान वळेना. मिओआराला वाटलं ऊन लागलं असेल. झाम्फिरा घरी आली, तिनं त्याला पलंगावरून उठून उभं राहायला सांगितलं, आणि त्याचा डावा पाय घसरला. पाय असा घसरणं म्हणजे काय, ते सांगायला तिला डॉक्टर नको होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवून सांगितलं, की या डासांच्या तापावर औषध नाही. पाणी द्यायचं, श्वास चालू ठेवायचा आणि वाट बघायची. दोन दिवसांत आंगेलचे दोन्ही पाय गेले, मग हात, मग छाती. त्याच्या घशात नळी घालून त्याला यंत्राला लावलं. डोकं मात्र शाबूत होतं. तो ऐकत होता, आणि डोळे हलवत होता. मिओआरा त्याच्याशी तासन् तास बोलायची.

आता नशिबाचा खेळ बघा. नेमक्या त्याच महिन्यात झाम्फिराच्या उंदीरघरात याच तापाचा प्रयोग चालू होता. या आजारातून बऱ्या झालेल्या लोकांच्या रक्तापासून एक सीरम बनवलं होतं. ते आजाराच्या सुरुवातीला दिलं तर उपयोग होतो, हे आधीच माहीत होतं. पाय लुळे पडल्यावर, उशिरा दिलं तर होतो का, हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि प्रयोग तेवढ्यासाठीच होता. सगळ्या उंदरांना तोच ताप दिलेला. पाय ओढायला लागल्यावर अर्ध्यांना सीरम टोचलं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. सीरमवाले डाव्या खोलीत, पाण्यावाले उजव्या खोलीत. दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक छोटी काचेची खिडकी होती, सामान इकडून तिकडं द्यायला. टोचताना प्रत्येक उंदीर झाम्फिरानंच हातात धरला होता.

प्रयोगाच्या प्रमुख डॉक्टर रुक्सांद्रा यांच्या खोलीत ती न विचारताच शिरली.

"डॉक्टरीणबाई, ते सीरम आंगेलला द्या."

रुक्सांद्रा चाळिशीची, अबोल बाई. तिनं दार लावून घेतलं. "झाम्फिरामावशी, माझ्या हातात असतं तर मीच घेऊन गेले असते. रक्तपेढीत बाटल्या आहेत. पण इतक्या उशिरा ते देता येईल असं कोणी सिद्ध केलेलं नाही. बुखारेस्टच्या समितीची परवानगी लागते. ते विचारणार, कशाच्या जोरावर देता?"

"मग उंदरांच्या जोरावर द्या."

"तेच करणार आहे. डावीकडचे जास्त जगले ना, की त्याच दिवशी फोन करते. समितीला निदान पुरेसा फरक दिसला पाहिजे. एवढे थोडे दिवस कळ काढा."

"आंगेल काढेल का?"

झाम्फिरा तिच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकली, तसा रुक्सांद्रानं हात घाईनं मागं घेतला.

त्या दिवसापासून झाम्फिराचे उंदीर तिच्यासाठी उंदीर राहिले नाहीत. एकेक उंदीर म्हणजे तिच्या पोराच्या श्वासाचा हप्ता होता. ती डाव्या खोलीत गेली की हळू आवाजात म्हणायची, "खा रे, खा." उजव्या खोलीत काही बोलायची नाही. तिथले मरायला हवे होते, आणि तसं मनात आणायची तिला लाज वाटायची.

पण उजव्या खोलीतला एक उंदीर तिच्या मनात जाऊन बसला होता. त्याच्या शेपटीवर शाईचे तीन पट्टे होते. ज्या दिवशी आंगेलचा डावा पाय घसरला, त्याच दिवशी याचाही मागचा डावा पाय घसरला होता. तो पाय ओढत ओढत पाण्याच्या नळीपाशी जायचा, चाटायचा, परत यायचा. दवाखान्यातून कामावर येताना तिच्या मनात एकच असायचं, तो आहे की गेला. तो दिसला की तिला वाटायचं, पोरगाही आहे. कोणी हसलं तर हसो. आभाळ फाटलेलं असताना माणूस ठिगळाचा रंग बघत नाही.

शेजारच्या कातिंकाकाकू ऐंशीच्या घरात. त्यांनी नऊ मुलं वाढवली आणि नऊही जगली, म्हणून आळीत त्यांचा मान मोठा. आंगेल तान्हा असताना सारखा आजारी पडायचा, तेव्हा झाम्फिरानं त्याला घराच्या खिडकीतून कातिंकाकाकूंना विकला होता. आमच्याकडं पद्धतच आहे ती. खिडकीतून मूल बाहेर द्यायचं, ज्या बाईची मुलं जगतात तिनं नाणं देऊन ते विकत घ्यायचं, त्याला नवं नाव ठेवायचं आणि मग दारातून आत आणायचं. मरण आंगेलला शोधत येतं, घरात आंगेल नसतोच, असतो उर्सु, म्हणजे अस्वल. मरण वैतागून परत जातं. आंगेल वर्षभर उर्सु होता आणि अस्वलासारखाच वाढला.

"पुन्हा विकू या का, काकू?" झाम्फिरानं विचारलं. कातिंकाकाकू अंगणात सिमला मिरच्या भाजत होत्या.

"कुठल्या खिडकीतून, पोरी? दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्याच्या? एवढा घोडा मावणार आहे का त्यातून?"

"थट्टा करू नका."

"थट्टा नाही. त्या खिडक्या उघडतसुद्धा नाहीत, बघून आले मी." काकूंनी चिमटा खाली ठेवला. "त्याचा शर्ट विकता येतो. अंगाचं काहीतरी लागतं."

"शर्ट त्यांनी कापून फेकून दिला."

काकू उठल्या, आत गेल्या आणि पन्नास बानीचं नाणं घेऊन आल्या. "हे माझे पैसे. तुला जे सुचेल ते माझ्या नावानं विक. पैसे मात्र घरी आणायचे नाहीत, नाहीतर सौदा मोडतो." मग त्यांनी झाम्फिराच्या छातीवर तीनदा थू थू केलं आणि पुन्हा मिरच्यांकडं वळल्या.

झाम्फिराला काय सुचलं ते तुम्हाला कळलंच असेल. मला तिला दोष देता येत नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिला सांगितलं, की आंगेलला आता न्यूमोनियाही झालाय. ती तिथून थेट कामावर आली, झगा चढवला, तोंड बांधलं, नाणं हातमोज्याच्या आत सरकवलं. उजव्या खोलीत तीन पट्ट्यांचा तो उंदीर एका कोपऱ्यात पाठ वाकवून बसला होता. तिनं त्याला उचललं. मधल्या खिडकीचं दार सरकवलं, त्याला आत ठेवलं, आणि वळसा घालून डाव्या खोलीत जाऊन पलीकडून घेतलं. "कातिंकाकाकूंनी घेतला," ती पुटपुटली. "आंगेल नाही हा. हा उर्सु." नाणं तिनं खिडकीतच ठेवलं.

पण दोन्हीकडचा आकडा जुळायला हवा. डाव्या खोलीतल्या तशाच पिंजऱ्यातही तीन पट्ट्यांचा एक होता, चांगला दणकट, पाय थोडाच ओढणारा. तिनं तो उचलून त्याच खिडकीतून उजवीकडं दिला. सोयच होती, पट्टेसुद्धा बदलावे लागले नाहीत. त्या उंदराला ती म्हणाली, "तू धट्टाकट्टा आहेस. तुला काय होतंय?"

मरण आता उजव्या खोलीत त्याला शोधेल आणि तो तिथं नसेल. एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. सीरम सुईतून अंगात जातं, खोलीतून नाही, हे सतरा वर्षं सुया बघितलेल्या बाईला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? माहीत होतं. पण त्या सकाळी तिचं डोकं तिच्या ताब्यात नव्हतं, आणि आई म्हणून जे करायचं ते तिनं केलं.

उर्सु तिसऱ्या दिवशी मेला. तो दणकट उंदीर उजव्या खोलीत मजेत खात राहिला, कारण त्याच्या अंगात सीरम होतं.

प्रयोग संपला त्या दिवशी रुक्सांद्रानं तिला स्वतः बोलावलं. टेबलावर कॉफी होती, ती कोणी प्यायली नव्हती. रुक्सांद्राचे डोळे लाल झाले होते.

"बसा, मावशी."

"नको. सांगा."

"डावीकडचे जास्त जगले. पण पुरेसे नाही. थोडक्यात गेलं हो. इकडचा एक मेला नसता आणि तिकडचा एक जगला नसता, तर मी आत्ता या क्षणी फोन उचलला असता. एका उंदरानं गेलं."

झाम्फिरा बसली. तिला बसल्याचं कळलंही नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं आपण सहज म्हणतो. तिच्या बाबतीत जे झालं त्याला तेवढं म्हणणं पुरायचं नाही.

"मी हलवले," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"तीन पट्ट्यांचे. उजवीकडचा डावीकडं आणि डावीकडचा उजवीकडं. मी. खिडकीतून."

रुक्सांद्रानं ड्रॉवर उघडला आणि टेबलावर पन्नास बानीचं नाणं ठेवलं. "हे त्या खिडकीत मिळालं. मला वाटलं कोणाच्या खिशातून पडलं असेल. पण आपल्या झग्यांना खिसेच नाहीत." तिचा आवाज कोरडा होता. "माझ्या आजीनं मलाही विकलं होतं. कोणी घेतलं?"

"कातिंकाकाकूंनी."

"अहो मावशी," रुक्सांद्रा म्हणाली, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

झाम्फिरा तिच्या गुडघ्यांपाशी खाली बसली होती. "पण मग झालं ना! मी सांगितलं ना आता! उलटं करून लिहा. तिकडचा इकडं मोजा. पुरतंय ना मग? पुरतंय ना?"

"पुरतं. पण माझ्यावर विश्वास कोण ठेवेल?"

"मी शपथ घेते. क्रुसावर हात ठेवते."

"तुम्ही त्याची आई आहात."

तरी रुक्सांद्रा गप्प बसली नाही, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. उर्सु जाळून टाकलेला होता. पण उजव्या खोलीतला तो दणकट उंदीर जिवंत होता. सीरम माणसाच्या रक्ताचं, म्हणजे त्याची खूण उंदराच्या रक्तात सापडायला हवी. तिनं स्वतः त्याच्या शेपटीतून थेंबभर रक्त काढलं आणि तपासायला बसली. झाम्फिरा दाराबाहेर जमिनीवर बसून राहिली. तिला पाणी द्यायला आलेल्या सफाईवाल्या बाईला तिनं ओळखलंही नाही.

संध्याकाळी दार उघडलं. "सापडलं," रुक्सांद्रा म्हणाली. "माणसाचं सीरम आहे त्याच्या अंगात. तुम्ही खरं बोलताय."

झाम्फिरा रडायला लागली. तिनं मिओआराला फोन केला. "येतंय गं. उद्या येतंय. सांग त्याला." पलीकडून मिओआराचा आवाज लांब गेला, ती आंगेलच्या कानाशी वाकून सांगत होती हे ऐकू आलं. मग ती परत फोनवर आली आणि म्हणाली, "आई, त्यानं डोळे मिटून उघडले. कळलं त्याला."

सकाळी रुक्सांद्रानं बुखारेस्टला फोन लावला. त्याआधी झाम्फिरा तिला म्हणाली होती, "साफसफाई करताना चुकून झालं म्हणा. तुमच्या पाया पडते."

"दोन उंदरांची अदलाबदल झाली, एवढं मी सांगेन. का झाली ते आपणहून सांगणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"माझ्या पोरासाठीसुद्धा नाही?"

"आज त्या समितीनं माझं ऐकलं, तर ते मी कधी खोटं बोलले नाही म्हणूनच ऐकतील, मावशी. तेवढंच आहे माझ्याकडं."

फोन स्पीकरवर होता; पलीकडचा माणूस म्हातारा वाटला, आवाज मायाळू होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, उंदराच्या रक्ताचं ऐकून "छान, छान" म्हणाला. झाम्फिरा भिंतीला टेकून उभी होती आणि त्या दोन शब्दांवर तिचा जीव अडकला होता. मग त्यानं विचारलं, "अदलाबदल कोणाच्या हातून झाली?"

"उंदीरघरात काम करणाऱ्या बाईंच्या."

"नाव?"

रुक्सांद्रानं झाम्फिराकडं पाहिलं. "किरिला."

कागद चाळल्याचा आवाज आला. "आणि ज्या रुग्णासाठी तुम्ही सीरम मागताय, त्याचं नाव?"

झाम्फिरा नको नको अशी मान हलवत होती.

"डॉक्टर, ऐकताय ना? रुग्णाचं नाव काय?"

"किरिला," रुक्सांद्रा म्हणाली.

म्हातारा वाईट माणूस नसावा. "मलाही मुलं आहेत," तो म्हणाला. "पण ज्यांनी एक हलवला त्यांनी बाकीचे हलवले नाहीत, हे मला कोण सांगणार? ती बाई? प्रयोग पुन्हा करा. दुसऱ्याच्या हातून करा. फरक दिसला की कुठल्याही वेळी मला उठवा, मी सही करतो."

"त्याला वेळ नाही," रुक्सांद्रा म्हणाली.

"मला कळतंय," म्हातारा म्हणाला, आणि फोन बंद झाला.

रुक्सांद्रानं त्याच दुपारी नवे उंदीर घेतले. दुसऱ्या गावाहून एक माणूस आणला, उंदीर धरायला. झाम्फिराला आत यायची बंदी झाली. नव्या उंदरांना ताप भरणार, मग त्यांचे पाय जाणार, मग सुया, मग पुन्हा वाट बघायची. उंदरांना घाई करायला सांगता येत नाही. झाम्फिरा बाहेर पॉप्लरखाली थोडा वेळ उभी राहिली आणि मग दवाखान्यात गेली, कारण दुसरं जायला तिच्यापाशी ठिकाण नव्हतं.

मिओआरा वॉर्डच्या दारात उभी होती. केस विंचरलेले, चांगला ब्लाउज घातलेला. "आलं?"

झाम्फिरानं तिला तिथंच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. उंदीर, खिडकी, नाणं, नाव. मिओआरा रडली नाही, ओरडली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे मिळालं असतं," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही काहीच केलं नसतं, तर मिळालं असतं."

"हो, बाळा."

"मला बाळा म्हणू नका." मिओआरानं भिंतीकडं तोंड केलं. मग वळून म्हणाली, "काल रात्रभर मी त्याला सांगत होते, येतंय, येतंय. तो दाराकडं डोळे लावून पडलाय. मी नाही सांगणार आता. मला नाही जमायचं. तुम्ही सांगा."

"त्याला कशाला सांगायचं? राहू दे ना त्याला आशेवर."

"आणि दर वेळी दार वाजलं की त्यानं बघायचं? नाही आई. त्याला सगळं कळतं. सांगा त्याला, आणि का ते पण सांगा."

आत यंत्राचा आवाज येत होता. आंगेलचे डोळे खरंच दाराकडं होते. आई दिसताच ते तिच्या हातांवर गेले. ती काही घेऊन आली आहे का, हे तो बघत होता. तिचे हात रिकामे होते. ती त्याच्या कानाशी वाकली. एवढी बोलघेवडी बाई, पण तिला सुरुवात सापडेना. शेवटी तिनं लहानपणी त्याला बोलायची तशा आवाजात, एकही गोष्ट न लपवता, सगळं सांगितलं. सीरम येणार नाही. ते माझ्यामुळं येणार नाही. मी तुला विकायला गेले, तू वाचावास म्हणून.

"आंगेल," ती म्हणाली, "बघ रे माझ्याकडं."

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग त्याचे डोळे हळूहळू पलीकडं, मिओआरा उभी होती त्या बाजूला वळले आणि तिथंच राहिले. झाम्फिरा पलंगाला वळसा घालून त्या बाजूला गेली नाही. तिची हिंमत झाली नाही. ती दुसऱ्या दिवशी आली तेव्हाही डोळे त्याच बाजूला होते, आणि तिसऱ्या दिवशीही. वॉर्डच्या डॉक्टरांना तिनं विचारलं. ते म्हणाले, आजार वर चढला की डोळ्यांचे स्नायूही जातात, मग डोळे एका बाजूला राहू शकतात. "म्हणजे तो मुद्दाम माझ्याकडं बघत नाही, असं नाही ना?" "सांगता यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. नव्या उंदरांना नीटसा ताप भरायच्या आधीच आंगेल गेला. मरणाऱ्याच्या हाताशी मेणबत्ती लावायची आमच्याकडं पद्धत आहे, पण यंत्राजवळ ती लावू देत नाहीत. कातिंकाकाकूंनी ती आपल्या घरी लावली.

चाळीस दिवसांच्या विधीला अंगणात गव्हाची गोड कोलिवा वाटली. मिओआरानं ती वाटली, पण सासूच्या हातात वाडगा देताना तिच्याकडं पाहिलं नाही. लोक गेल्यावर रुक्सांद्रा आली. द्राक्षाच्या मांडवाखाली झाम्फिरा एकटीच बसली होती. तिनं पुन्हा लसूण खायला सुरुवात केली होती, हे रुक्सांद्राला वासावरून कळलं.

"दुसऱ्या प्रयोगाचा निकाल लागला," रुक्सांद्रा म्हणाली. "उशिरा दिलं तरी चालतं. समितीनं परवानगी दिली. शेजारच्या गलात्स शहरातल्या एका शाळामास्तरांना दिलंय, त्यांची बोटं हलायला लागलीत. तुम्हाला माझ्याकडूनच कळावं असं वाटलं."

"बरं झालं," झाम्फिरा म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं की नाही, तिचं तिलाही कळलं नसावं. ती वाडग्यातले गहू बोटानं इकडचे तिकडं करत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरीणबाई, एक विचारायचं होतं. रागावू नका."

"विचारा ना."

"शेवटी शेवटी, सगळं अंग गेल्यावर, उंदरांना डोळे फिरवता येतात का? की आजारानंच ते एका बाजूला जाऊन तिथं राहतात?"

"आम्ही वजन बघतो," रुक्सांद्रा म्हणाली. "पाय बघतो, श्वास बघतो. डोळे कधी बघितले नाहीत, मावशी."

"मीही नाही," झाम्फिरा म्हणाली. "सतरा वर्षं हातात धरले एवढे. एकाचेही बघितले नाहीत."